वस्तरा स्वतःच्या हाती



माझ्या आजोबांच्या लाकडी पेटीत एक वस्तरा होता. मूठ पिवळसर पडलेली, पात्याच्या शेपटीवर जर्मनीतील झोलिंगेन या गावाचे नाव कोरलेले. वयाच्या बाविसाव्या वर्षी मी तो प्रथम गालाला लावला आणि तिसऱ्याच हाताला हनुवटीवर तांबडी रेघ उमटली. आजीने तुरटीचा खडा पुढे केला आणि ती एवढेच म्हणाली, "त्यांनाही महिनाभर असेच होत होते." तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. या कामासाठी गावोगाव पिढीजात माणूस बसलेला असताना गृहस्थाने स्वतःच्या गळ्यावर स्वतः पोलाद फिरवण्याची विद्या शिकावी, असे प्रथम कोणाला आणि का वाटले?

आधी शब्दच पाहा. 'वस्तरा' हा फारसी 'उस्तुरा' या शब्दावरून आला. आपल्या हैदराबादेत तर अजूनही 'उस्तरा' असेच म्हणतात. 'हजामत' हा शब्द त्याहून बोलका आहे. मूळ अरबीत त्याचा दाढीशी संबंध नाही. तुंबडी लावून रक्त काढणे, हा त्याचा अर्थ. ज्याच्या हाती धारेचे हत्यार तोच रक्त काढणार, तोच गळू फोडणार आणि तोच दाढी करणार, अशी ती व्यवस्था होती. युरोपातही निराळे नव्हते. लंडनमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य १५४० पासून एकाच संघात नांदत होते. फ्रान्समध्ये १७४३ साली आणि इंग्लंडात १७४५ साली हे दोन धंदे कायद्याने विभक्त झाले. शल्यवैद्य प्रतिष्ठेच्या पायऱ्या चढत गेला. न्हाव्याच्या वाट्याला साबण आणि वस्तरा उरला.

या फारकतीला पुरती तीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, म्हणजे १७६९ साली, पॅरिसमधील झां-झाक पेरे या कारागिराने एक पुस्तक प्रसिद्ध केले. पेरे हा सुऱ्या, वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारा उस्ताद. ग्रंथाचे नाव 'पोगोनोतोमी', म्हणजे ग्रीक शब्दांच्या आधारे 'दाढी कापण्याची विद्या'. आणि पोटशीर्षकात स्पष्टच सांगितले होते की, स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकण्याची ही कला आहे. वस्तरा कसा निवडावा, दगडावर कसा लावावा, चामड्यावर कसा परजावा, हे सारे नवशिक्यासाठी एका कारागिराने लिहून ठेवले. हातातील कसब सहसा कोणी कागदावर उतरवीत नाही. धंद्याची गुपिते बापाकडून मुलाकडे जातात. पेरेने ती कोणाही वाचकापुढे उघडी केली. भित्र्यांसाठी त्याने एक तोडगाही काढला होता. सुताराच्या रंध्यात पाते जसे लाकडातून किंचितच डोकावते, तसे वस्तऱ्याला लाकडी संरक्षण जोडावयाचे, की कापले तरी खोल जाणार नाही.

परंतु पुस्तकाने धार येत नाही. धार पोलादातून येते. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० नंतर मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली, आणि सामान्य माणसाला परवडेल असा चांगला वस्तरा शक्य झाला. येथे आपल्या प्रांताचा संबंध येतो. मुशीत पोलाद शिजवण्याची विद्या दख्खनेत त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे गाव त्यासाठी ख्यातनाम होते. तेथील पोलाद खरीदण्यास इराणी व्यापारी येत. १७९० नंतरच्या दशकात मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला धाडले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे! बंदरातून माल चढला की बंदराचे नाव लागते आणि भट्टीजवळ बसलेला माणूस विसरला जातो, त्यातलाच हा प्रकार. लंडनचा हत्यारे घडवणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादावर इतका लुब्ध झाला की, १८२० च्या सुमारास त्याने तरुण मायकेल फॅरडेला सोबत घेऊन पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध झालेला हाच फॅरडे, या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट देत असे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नवशिक्याची खरी परीक्षा तेथे असते. वस्तऱ्याची जाड पाठ केवळ भक्कमपणासाठी नसते. दगडावर पाते सपाट ठेवले की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, आणि धारेचा कोन आपोआप ठरतो. घडवणाऱ्याने तो कोन पात्याच्या अंगातच घालून ठेवलेला असतो. दगडावर धार पुढे जाते, चामड्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. येथे घाई झाली की पट्टा कापलाच म्हणून समजा. पट्ट्याच्या टोकाशी पाते उलटावयाचे ते पाठीवरून, धारेवरून कधीच नव्हे. माझ्या पट्ट्यावर या चुकीच्या चार खुणा अजून आहेत.

गालावर वस्तऱ्याची पाठ कातडीपासून सुमारे ३० अंश उचललेली हवी. त्याहून सपाट धरला तर केस उपटले जातात, फार उभा धरला तर कातडी जाते. डाव्या हाताने कातडी ताणून धरणे हे अर्धे काम. नवशिका ते विसरतो आणि दोष हत्याराला देतो. पहिला हात कानाजवळून खाली, केसांच्या ओघाने. आडवा, करवतीसारखा हात कधीही नाही. भाजी अशीच चिरली जाते आणि गालही. हनुवटीचा गोलावा आणि वरचा ओठ शेवटी घ्यावा, कारण तोवर साबणाने तेथील राठ केस मऊ पडलेले असतात. कोमट पाणी आणि भरपूर फेस यांचे महत्त्व मराठी भाषेने केव्हाच ओळखले आहे. कोणाची फजिती वर्णन करताना आपण 'बिनपाण्याने हजामत' म्हणतो, ते उगाच नव्हे.

तथापि ही विद्या सर्वांनीच हौसेने शिकली, असे समजू नये. साताऱ्यास बालपणी आंबेडकर भावंडांचे केस कापण्याचे आणि डोई भादरण्याचे काम त्यांची थोरली बहीण करीत असे. गावात न्हावी नव्हते असे नाही, पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. अस्पृश्याला हात लावावयास कोणी न्हावी तयार नव्हता. भावांवरच सराव करून करून ती मुलगी या कामात तरबेज झाली, असे बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत नमूद केले आहे. तिला पेरेचे पुस्तक कोण देणार होते?

तिकडे दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरिया येथे, बॅरिस्टर गांधींचे केस कापण्यास एका गोऱ्या न्हाव्याने नकार दिला. विलायतेत गेलेला मनुष्य निदान दाढी करावयास तरी शिकून येतो, केस कापावयास नव्हे, असे आत्मचरित्रात सांगून ते लिहितात की, आपण कात्री-यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर स्वतःचे केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टातील मित्रांनी उंदीर लागले काय म्हणून थट्टा केली. पण त्या न्हाव्याला त्यांनी दोष दिला नाही; मायदेशी आपले न्हावी अस्पृश्य बांधवांना हेच करतात, याची आठवण त्यांनी ठेवली.

वस्तरा धरणाऱ्या हाताचा नकार मात्र एकदा निराळ्या कारणाने उठला. १८९० साली 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी मंडळी एकत्र जमली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. या मंडळींचे पोट त्या वस्तऱ्यावर होते. मिळकतीचा एक भाग त्यांनी आपण होऊन सोडला. सुधारणेच्या इतिहासात व्याख्याने देणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत येतात. सभेला आलेल्या त्या न्हाव्यांपैकी कितीजणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. अमेरिकेत किंग जिलेट याला १९०४ साली पातळ, टाकाऊ पात्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात ती यंत्रे लाखांनी गेली आणि घरी परतलेल्या सैनिकाने वस्तऱ्याकडे फिरून पाहिले नाही. शिकण्यासारखे त्यात फारसे काही उरलेच नव्हते. गेल्या शतकाच्या अखेरीस एड्सच्या भयाने आपल्याकडील न्हाव्यांच्या दुकानांतूनही जुना वस्तरा मागे पडला. आता कारागीर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नवे पाते मोडतो आणि त्याचा अर्धा तुकडा मुठीत बसवतो.

आजोबांचा वस्तरा मी अशाच एका दुकानातील म्हाताऱ्या कारागिराकडे धार लावण्यासाठी नेला होता. त्याने तो उजेडात धरला, अंगठा धारेवर आडवा टेकवून पाहिला, आणि आतल्या कपाटातून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. तो दगड त्याच्या वडिलांचा होता. अर्ध्या तासाने त्याने आपल्याच डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून धारेवर सोडला. केसाचे दोन तुकडे झाले. पैसे विचारले तेव्हा म्हणाला, "साहेब, दगड कपाटातून निघाला, तेवढे पुरे."