काळ्यापिवळ्या पद्मिनीचे वय

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, मडगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना मुंबईची पहिली ओळख व्हायची ती स्टेशनाच्या पायऱ्यांवर. हमालाच्या डोक्यावरची वळकटी आणि ट्रंक टॅक्सीच्या टपावरील कॅरियरवर चढे, मागच्या बाकावर तिघांच्या जागी चौघे दाटीने बसत, आणि टॅक्सीवाला डावीकडच्या खिडकीतून हात बाहेर घालून मीटरची पट्टी खाली पाडी. मीटर दाखवी तो आकडा एक आणि द्यावयाचे पैसे दुसरे. दोहोंचा मेळ छापील दरपत्रकावरून घालावा लागे. आमच्या काटकसरी वडीलधाऱ्यांचा त्या दरपत्रकावर अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. गाडीवर मात्र होता. काळे अंग आणि पिवळे टप असलेली ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आर.टी.ओ. कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झालेली होती. टॅक्सीस वीस वर्षांहून अधिक आयुष्य नाही असा नियम असल्यामुळे तिची मुदत भरली. त्याच्या सुमारे दीड महिना आधी बेस्टची जुनी डिझेलवरील दुमजली बसही बंद झाली होती. वर्तमानपत्रांनी दोन्ही निरोप मोठ्या हळहळीने छापले. ती हळहळ खोटी नव्हती. परंतु तिच्या भरात एक प्रश्न मागे पडला, आणि आम्हांस तोच महत्त्वाचा वाटतो. पद्मिनी गेली ती धुरामुळे, की वयामुळे? या दोन गोष्टी एकच आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास मात्र त्या समजुतीस पुरता दुजोरा देत नाही.

मुळात पद्मिनीला वये दोन होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संधान जुळले. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाजारात आली आणि १९७४ साली तिचेच नामकरण प्रीमियर पद्मिनी असे झाले. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, एक कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर, पुढे सलग बाक. किरकोळ फेरफार वगळता हीच गाडी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. म्हणजे १९९५ साली एखाद्या टॅक्सीवाल्याने कर्ज काढून कोरी करकरीत पद्मिनी घेतली, तरी त्याच्या दारी उभी राही ती तीस वर्षांपूर्वीची मोटार. नोंदवहीत तिचे वय शून्य आणि इंजिनाच्या आखणीत तीस. कायदा पुढे यांपैकी कोणते वय मोजणार, याची त्या वेळी कोणास फिकीर नव्हती.

जुनी मोटार रोजच्या वापरात ठेवणे हा युरोप-अमेरिकेत हौसेचा भाग मानला जातो. आपल्याकडे ती गरज होती. परवाने व आयातबंदीच्या त्या दशकांत नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, तेव्हा आहे ती गाडी जगवणे एवढाच मार्ग उरे. गोव्याची कथा थोडी निराळी, पण वळणावर तिथेच येऊन मिळणारी. पोर्तुगीज अमलात तेथे भारतासारखी आयातबंदी नसल्याने जर्मन बनावटीच्या मोटारी सहज येत. १९६१ नंतर त्यांचा ओघ आटला, सुटे भाग मिळेनासे झाले, तरी मर्सिडीज टॅक्सी गोव्याच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे धावत राहिल्या. त्या धावल्या त्या कारखान्याच्या नव्हे, तर मेकॅनिकच्या जिवावर. मुंबईतही पद्मिनीचे तसेच होते. सुटा भाग कुर्ल्यात मिळे, बिघाड कानाने ओळखता येई, आणि पाने व स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या हत्यारांवर फूटपाथलगतचे गॅरेज चाले. एक गाडी दिवसपाळी-रातपाळी अशी दोन चालकांकडे, म्हणजे दोन संसारांना पोसत असे. १९९०च्या दशकात मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या घरात होती आणि त्यांत बहुसंख्य पद्मिनी होत्या.

एवढ्या गाड्यांचा धूर कोठे जाणार? तो मुंबईकरांच्या फुफ्फुसांत गेला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. कार्ब्युरेटर थोडा बिघडला की पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल जळून निळसर धूर येतो. त्यात पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. शिसेविरहित पेट्रोल आपल्याकडे चार महानगरांत १९९५ साली आले आणि शिसेमिश्रित पेट्रोल देशभर बंद होण्यास २००० साल उजाडावे लागले.

१९९९ साली ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला आणि तेथून या कहाणीने वळण घेतले. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पंधरा वर्षांवरील टॅक्सींनी स्वच्छ इंधन स्वीकारावे अथवा रस्ता सोडावा, असे ठरले. या आदेशातील ‘अथवा’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्यात वयाचा उल्लेख आहे, पण वय हा गुन्हा नाही. धूर सुधारा आणि राहा, असा त्याचा सरळ अर्थ.

पद्मिनीने ती अट पाळली. तिच्या साध्या इंजिनाला सी.एन.जी.चा संच बसवणे अवघड नव्हते. नळकांडे डिकीत बसले आणि डिकीची बहुतेक जागा खाऊन गेले. प्रवाशांचे सामान टपावर बांधावे लागे त्याचे एक कारण हेही होते. गॅसवर इंजिनाची ताकद घटे, पेडर रोडचा चढ तिला जड जाई, व्हॉल्व्हच्या बैठकी लवकर झिजत. पण काळा धूर गेला आणि इंधनाचा खर्च उतरला. नाखुषीने पत्करलेली गोष्ट स्वस्ताईमुळे अंगवळणी पडली. न्यायालयाचा आदेश, वायूचे पंप, आणि गल्लीतल्या मेकॅनिकचे कसब या तिन्हींच्या मेळाने शहराची हवा सुधारण्यास हातभार लागला, ही गोष्ट निरोपाच्या लेखांतून कोणी फारशी सांगितली नाही.

त्यानंतर मात्र मोजमापच बदलले. २००८ साली टॅक्सीच्या आयुष्यास पंचवीस वर्षांची मर्यादा आली, २०१३ साली ती वीसवर उतरली. गॅसवर चालते का, धूर किती सोडते, दरवर्षीच्या पासिंगला उत्तीर्ण होते का, यांपैकी कशाचाही आता संबंध उरला नाही. जन्मतारीख तेवढी पाहायची. धुराच्या कायद्याखाली वाचलेली गाडी कॅलेंडरच्या कायद्याखाली गेली.

हे लिहिताना कायदा करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये. धूर मोजणे वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडील पी.यू.सी. तपासणीत पेट्रोलची गाडी उभी ठेवून इंजिन मोकळे चालवतात. भारत स्टेज दोनच्या आधीच्या मोटारीस कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३ पर्यंत आणि हायड्रोकार्बन दशलक्षात १५०० भागांपर्यंत माफ. भारत स्टेज दोन व तीनच्या मोटारीस हेच आकडे ०.५ आणि ७५०. या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत आणि भरल्या रस्त्यावर थांबत-चालत जाणारे इंजिन काय करते तेही कळत नाही. शिवाय तपासणीचा कागद कसा मिळतो, हे वाचकांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. मोजणाऱ्यावर भरवसा नसला की राज्यकर्ता अशी गोष्ट शोधतो की जी कोणास लपवता येत नाही. मोटारीचे वय ही तशी गोष्ट आहे. उत्प्रेरक नळी नसलेली जुनी मोटार कितीही निगुतीने ठेवली तरी नव्या मोटारीची बरोबरी करू शकत नाही, हेही खरेच. तेव्हा वयाची मर्यादा मूर्खपणाची नव्हती. ती आळसाची होती, असे आमचे मत आहे.

दिल्लीत हाच आळस अधिक कठोर रूपात दिसला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ व २०१५ साली दिलेल्या आदेशांनी दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींना राजधानी परिसरात बंदी घातली, आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने केवळ वयामुळे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबरात ते संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील मोटारींपुरते ठेवले. म्हणजे वयाकडून पुन्हा इंजिनाच्या जातीकडे. हा फेरा पूर्ण होण्यास दहा वर्षे लागली.

मोटारीच्या वयाचा हा घोळ आपल्यापुरता नाही. धुराविरुद्धच्या कायद्यांत लंडन शहर वडीलधारे. डिसेंबर १९५२ मधील काळ्या धुक्याने तेथे हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. तो कोळशाच्या धुराविरुद्ध होता. मोटारीची पाळी पुष्कळ उशिरा आली. ८ एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व लंडनभर, ठरलेल्या प्रतीची नसलेली मोटार रस्त्यावर आणली की दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. पेट्रोलच्या मोटारीस युरो चार आणि डिझेलच्या मोटारीस युरो सहा ही प्रत हवी. येथवर न्याय इंजिनाकडे पाहून झाला. परंतु चाळीस वर्षांची झालेली मोटार ‘ऐतिहासिक’ वर्गात नोंदवली की, ती धंद्यासाठी वापरली जात नसेल तर, हा आकार माफ. साठच्या दशकातील मॉरिस मायनर लंडनमध्ये रोज कचेरीस नेली तरी दमडी लागत नाही. वीस वर्षांच्या डिझेल मोटारीतून रातपाळीस जाणाऱ्या परिचारिकेस मात्र रोजचा दंड. जर्मनीतही १९९७ पासून तीस वर्षांवरील सुस्थितीतल्या मोटारीस वेगळी ऐतिहासिक पाटी मिळते, आणि २००८ साली बर्लिन आदी शहरांत धूरनियंत्रित विभाग सुरू झाले तेव्हा त्या पाटीस आत येण्याची मुभा राहिली. अशा गाड्या थोड्या आणि त्या फिरतात थोड्या, हे त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. तरीही ज्याची मोटार म्हातारी झाली त्याला दंड आणि ज्याची पुराणी झाली त्याला मान, ही व्यवस्था पाहून नवल वाटल्यावाचून राहत नाही.

भारत सरकारने मात्र मान दिला तो निराळ्या अटीवर. १५ जुलै २०२१ रोजी काढलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली मोटार ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पाच हजार. पाटीवर ‘व्ही ए’ ही अक्षरे. अशा मोटारीने प्रदर्शनास जावे, जुन्या गाड्यांच्या फेरीत भाग घ्यावा, पेट्रोल भरावे, दुरुस्तीस जावे. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी तिने रस्त्यावर येऊ नये. लंडनने जुन्या मोटारीला रोज फिरण्याची सवलत दिली; आपण तिला गौरव दिला आणि फिरणे काढून घेतले. जी साधी खाजगी मोटार पन्नाशीस पोहोचलेली नाही, तिला पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून रोज वापरता येते खरी. पण त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. श्रीमंताला ते जाणवणार नाही. रविवारी कुटुंबाला देवदर्शनास नेण्यापुरती जुनी फियाट राखून ठेवलेल्या निवृत्त शिक्षकाला ते जाणवते.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि त्यांच्या तोलाच्या गाड्या तेथे हिरवळीवर उभ्या होत्या. बडोदेकरांना त्याचा अभिमान वाटणे साहजिकच. या गाड्या टिकल्या त्या वापरल्या न गेल्यामुळे. पद्मिनी टॅक्सी टिकली ती उलट कारणाने: ती रोज चालत होती आणि तिच्या चालण्यावर कोणाची तरी चूल पेटत होती, म्हणून तिचा प्रत्येक झिजलेला भाग बदलला गेला. अखेरच्या दिवसांत मुंबईच्या टॅक्सीचालक संघटनांनी निदान एक पद्मिनी तरी संग्रहालयात ठेवावी अशी मागणी केली. मागणी रास्त होती. पण संग्रहालयाची किंवा विंटेज पाटीची अट मूळ रूपाची असते, आणि जिच्या डिकीत गॅसचे नळकांडे बसले, जिचा कार्ब्युरेटर पाचदा बदलला, जिच्या बाकावर रेक्झिनची कितवी खोळ चढली ते खुद्द मालकालाही आठवत नाही, अशी टॅक्सी मूळ रूपात राहिली असे कोणता तपासनीस लिहून देईल?

१९७४ साली पद्मिनी या नावाने नोंदल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांची पन्नाशी २०२४ मध्ये उलटली. त्यांपैकी एखादी कोणी हौशी माणसाने मूळ पेट्रोल इंजिनासह जपली असेल, तर तिला आता ‘व्ही ए’ पाटी मिळू शकेल. ती मेकॅनिककडे जाईल, पंपावर जाईल, वर्षातून एखाद्या फेरीत मरीन ड्राइव्हवरूनही जाईल. मुंबई सेंट्रलला बडोद्याच्या गाडीतून उतरलेल्या माणसाची ट्रंक टपावर घेऊन ती दादरला मात्र जाणार नाही.