ऑर्वेलच्या गळ्यातून गेलेली गोळी

आज एका गोळीची आणि गळ्यातल्या बोटभर जागेची हकिगत.

जॉर्ज ऑर्वेल हा आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत 1903 साली जन्मलेला लेखक. स्पेनच्या यादवी युद्धात तो फ्रँकोविरुद्ध लढायला गेला. 20 मे 1937 च्या पहाटे, वेस्का शहराजवळच्या मोर्च्यावर, पहारा बदलण्याआधी तो पहारेकऱ्यांशी बोलत उभा होता. गडी चांगलाच उंच. डोकं खंदकाच्या कठड्यावर आणि पाठीमागे उजाडणारं आकाश! आमच्याकडे अशा उभं राहण्याबद्दल रंगरूटालाही शिक्षा झाली असती. गोळी स्वरयंत्राच्या जरा खालून शिरली आणि मानेमागून बाहेर पडली. मोठी धमनी केसभराने वाचली. आवाज मात्र गेला.

का गेला, ते समजायला घशाचा नकाशा बघू. घशाची मागची भिंत तीन स्नायूंची असते. एकात एक बसवलेले, पुढून उघडे तीन कागदी पेले डोळ्यांसमोर आणा. वरच्या आणि मधल्या पेल्यातल्या फटीतून जिभेच्या मागच्या भागाकडची नस जाते. मधल्या आणि खालच्या पेल्यातून जाते ती स्वरयंत्राच्या आतल्या संवेदनेची. घास चुकला की ठसका लागतो तो तिच्यामुळे. आणि तिसऱ्याच्या खालच्या काठाखालून वर शिरते आवाजाची नस.

ही नस सरळ येतच नाही. स्वरयंत्राच्या शेजारून खाली उतरते, डावी छातीतल्या महाधमनीला वळसा घालते, उजवी गळ्याच्या पायथ्याशी हाताकडच्या धमनीला, आणि दोघी परत वर चढतात. असा रसदमार्ग आखणाऱ्या अधिकाऱ्याला मी परत पाठवलं असतं.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याने लोकांसमोर जिवंत डुकराच्या या नसा निकामी करून दाखवल्या. डुक्कर तडफडत राहिलं, ओरडणं थांबलं. आवाज हृदयातून निघतो म्हणणाऱ्या विद्वानांना ते उत्तर होतं.

ऑर्वेलचा एकाच बाजूचा स्वरतंतू लुळा पडला होता. आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरने त्याला खुशाल सांगून टाकलं. सुमारे दोन महिने तो नुसता कुजबुजत होता. मग दुसऱ्या, धडधाकट तंतूने लुळ्याची उणीव भरून काढली आणि आवाज एकाएकी परतला.

1941 ते 1943 हाच माणूस बीबीसीवरून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करत होता, स्वतः बोलतही होता. त्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आजवर सापडलेलं नाही.