वसुंधरा सजीव आहे काय? : एका शास्त्रीय वादाचा इतिहास

पहाटे शय्या सोडताना भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागावयाची, हा संस्कार आपल्यापैकी बहुतेकांस बालपणीच घरच्या वडीलधाऱ्यांकडून लाभलेला असतो. अथर्ववेदाच्या १२ व्या कांडाच्या आरंभी ६३ मंत्रांचे जे भूमिसूक्त आहे, त्यातही पृथ्वीस माता मानून तिची आळवणी केलेली आहे. त्यामुळे पृथ्वी ही एखाद्या सजीव देहाप्रमाणे आपले नियमन आपणच करते, असे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी मांडले आहे ही वार्ता कानी येताच ‘हे तर आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते’ असा उद्गार सहज निघतो. प्रस्तुत लेखकाच्याही मुखातून तो एकदा निघाला होता. पुढे त्या मताचा इतिहास वाचनात आला, तेव्हा आपण घाई केली हे ध्यानात आले. स्तुती व अनुमान यांचे मार्ग भिन्न आहेत. स्तुतीस प्रमाणाची अपेक्षा नसते. अनुमानास मात्र पूर्वपक्ष, आक्षेप व परीक्षा यांतून जावे लागते. हे मत त्या सर्वांतून गेले, त्यात त्याचे कितीतरी अंश गळून पडले, आणि जे उरले ते आपल्या सर्वांच्या विचारास योग्य आहे. तो वृत्तान्त भाविक वाचकांपुढे अल्पमतीनुसार ठेवण्याचे योजिले आहे.

या विचाराचा पूर्वरंग अठराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये सापडतो. जेम्स हटन (१७२६–१७९७) हे आधुनिक भूशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक होत. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे. १७४९ साली हॉलंडमधील लायडन येथे त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय रक्ताभिसरण हा होता. १७८५ साली एडिंबरो येथील रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपला पृथ्वीविषयक सिद्धान्त वाचला व तो १७८८ साली छापून प्रसिद्ध झाला. पर्वत झिजतात, त्यांची माती समुद्रतळाशी साचते, तेथे तिचे खडक बनतात व ते पुन्हा वर उचलले जातात, असे चक्र त्यांनी वर्णिले. पृथ्वीला केवळ यंत्र मानावे, की झीज भरून काढण्याचे सामर्थ्य असलेला देह मानावे, असा प्रश्नही त्यांनी त्या ग्रंथात उपस्थित केला. पुढे १८७५ साली ऑस्ट्रियातील भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी जीवावरण या अर्थाचा शब्द रूढ केला, आणि १९२६ साली रशियातील व्लादिमिर व्हर्नाडस्की (१८६३–१९४५) यांनी त्याच नावाचा ग्रंथ लिहून, जीवसृष्टी ही पृथ्वीच्या पृष्ठभागावर राहणारी केवळ पाहुणी नसून त्या पृष्ठभागाचे रसायन घडविणारी एक मोठी शक्ती आहे, असे प्रतिपादिले.

तथापि या विचारास निश्चित स्वरूप आले ते इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांच्यामुळे. त्यांचा जन्म २६ जुलै १९१९ रोजी झाला व २०२२ साली त्याच तिथीस, वयाची १०३ वर्षे पूर्ण होत असता, ते निवर्तले. १९५७ साली त्यांनी हवेतील अथवा अन्नातील अत्यल्प द्रव्यांचा शोध घेणारे एक उपकरण सिद्ध केले. कीटकनाशकांचे सूक्ष्म अंश त्यामुळेच मोजता येऊ लागले. या कीर्तीमुळे १९६१ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेने त्यांस पाचारण केले. मंगळावर जीव आहे किंवा नाही हे तेथे यान उतरवून कसे ओळखावे, या विवंचनेत तेथील मंडळी होती. मंगळाची माती कशी तपासावी याच्या योजना चालू असता लव्हलॉक यांनी निराळाच मार्ग सुचविला. मातीस हात लावण्याची आवश्यकता नाही, ग्रहाचे वायुमंडळ पाहिले तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे पडले.

तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास शिकवितात. लव्हलॉक यांची युक्ती त्याच जातीची होती. पृथ्वीच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू आहे आणि त्याच हवेत मिथेन नावाचा ज्वलनशील वायूही अल्प प्रमाणात सतत आढळतो. सूर्यप्रकाशात हे दोन वायू एकमेकांस नष्ट करीत असतात. असे असूनही दोघे टिकून आहेत, याचा अर्थ कोणीतरी त्यांचा पुरवठा अखंड करीत आहे. प्राणवायू हिरव्या वनस्पती व त्यांच्यासारखे सूक्ष्म जीव देतात. मिथेन दलदलीच्या व भातखाचरांच्या चिखलातून, तसेच गाईगुरांच्या पोटातील जंतूंपासून निघतो. उलटपक्षी मंगळाच्या विरळ हवेत सुमारे ९५ टक्के व शुक्राच्या दाट हवेत सुमारे ९६ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड आहे. तेथील रसायने आपापसांत काय करावयाचे ते करून केव्हाच निवांत झालेली आहेत. १९६५ साली फ्रान्समधील एका पर्वतशिखरावरील वेधशाळेने ही माहिती दिली, तेव्हा ते दोन्ही ग्रह निर्जीव असावेत असे अनुमान लव्हलॉक व त्यांच्या सहकारी डायन हिचकॉक यांनी बांधले. १९७६ साली व्हायकिंग नावाची दोन याने मंगळावर उतरली. त्यांसही तेथे जीवसृष्टीचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही.

येथवर अनुमान सरळ होते. परंतु लव्हलॉक यांच्या मनात त्यापुढचा प्रश्न आला. इतके अस्थिर मिश्रण दीर्घकाळ बहुतांशी स्थिर कसे राहते? शिवाय सूर्य आपल्या जन्मकाळाहून आज सुमारे ३० टक्के अधिक प्रखर आहे. तरीही पृथ्वीवरील पाणी सर्वच्या सर्व उकळून गेले नाही की कायमचे गोठले नाही. बाहेर थंडी असो वा ऊन असो, आपल्या देहाची उष्णता सुमारे ३७ अंशांवर राहते, तसाच हा प्रकार दिसतो. तेव्हा जीवसृष्टी, हवा, समुद्र व खडक मिळून एक स्वयंनियंत्रित संस्था होते, असे मत त्यांनी बांधले. विल्टशायर परगण्यातील बॉवरचॉक या खेड्यात कादंबरीकार विल्यम गोल्डिंग हे त्यांचे शेजारी होते. फिरावयास गेले असता गोल्डिंग यांनी या मतास ग्रीकांच्या भूदेवीचे ‘गाया’ हे नाव सुचविले. त्याच्याशी साम्य असलेल्या उच्चाराचा एक इंग्रजी शब्द भोवरा या अर्थाचा असल्याने लव्हलॉक यांस प्रथम तोच ऐकू आला व दोघांचे काही काळ भलतेच संभाषण चालले, अशी आठवण ते पुढे सांगत असत. १९७२ साली या नावाने पहिले टिपण प्रसिद्ध झाले. सूक्ष्म जीवांच्या अभ्यासिका लिन मार्ग्युलिस (१९३८–२०११) या त्यांस येऊन मिळाल्या, १९७४ साली दोघांचा संयुक्त निबंध निघाला, व १९७९ साली सर्वसामान्य वाचकांसाठी लव्हलॉक यांचा ग्रंथ आला.

देवीचे नाव लाभताच या मताचे भाग्य व दुर्भाग्य दोन्ही एकदम उदयास आले. भाविक, कवी व निसर्गप्रेमी यांनी त्याचे स्वागत केले. जीवशास्त्रज्ञांनी मात्र शस्त्र उपसले. १९८१ साली फोर्ड डूलिटल यांनी निसर्ग खरोखर मातृवत् आहे काय, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि १९८२ साली रिचर्ड डॉकिन्स यांनीही आपल्या ग्रंथात तोच आक्षेप घेतला. त्यांचा पूर्वपक्ष असा : सजीवांच्या ठिकाणी जी योजना दिसते ती असंख्य पिढ्यांच्या निवडीतून आलेली असते. जगण्यास कमी योग्य ते मागे पडतात, अधिक योग्य ते संतती ठेवून जातात. पृथ्वी तर एकच आहे. तिला प्रतिस्पर्धी नाहीत, संतती नाही. मग हा नियमनाचा गुण तिच्यात आला कोठून? समुद्रातील शेवाळाने जगाच्या कल्याणासाठी झीज का सोसावी?

हा आक्षेप बलवान होता, आणि लव्हलॉक यांचा मोठेपणा असा की त्यांनी तो टाळला नाही. १९८३ साली अँड्र्यू वॉटसन यांच्या साहाय्याने त्यांनी एक गणिती दृष्टान्त रचला. एका कल्पित ग्रहावर काळी व पांढरी अशी दोनच प्रकारची फुलझाडे आहेत असे समजा. काळी फुले ऊन शोषतात, पांढरी ते परतवितात. सूर्य मंद असता काळ्यांस ऊब मिळून ती पसरतात व त्यांच्या योगे ग्रह उबदार होतो. सूर्य प्रखर होऊ लागताच पांढऱ्यांस गारवा लाभून ती वाढतात व ग्रह थंड राहतो. एकाही फुलास जगाची चिंता नाही. प्रत्येक आपल्यापुरते वाढते, तरी ग्रहाची उष्णता दीर्घकाळ फारशी बदलत नाही. तर्कात अन्योन्याश्रय हा दोष मानितात. येथे मात्र फुलांमुळे उष्णता व उष्णतेमुळे फुले असा जो फेरा आहे तो कालक्रमाने पुढे सरकतो, म्हणून तो बीजांकुरन्यायासारखा निर्दोष होय. याच दृष्टान्ताचा दुसरा अर्धा भाग मात्र पुष्कळ जण विसरतात. सूर्याची प्रखरता एका मर्यादेपलीकडे गेली की पांढरी फुलेही तग धरीत नाहीत, आणि मग ते नियमन हळूहळू न ढळता एकाएकी कोसळते.

१९८८ साली अमेरिकेत सान डिएगो येथे या विषयावर विद्वत्परिषद भरली. तेथे जेम्स कर्शनर यांनी जे केले ते आपल्या कोणत्याही शास्त्रीबुवांस आवडले असते. ‘गाया’ या एका शब्दाखाली पाच निरनिराळी मते नांदत आहेत असे त्यांनी दाखविले : जीव परिस्थितीवर परिणाम करतात, जीव व परिस्थिती एकमेकांस घडवितात, जीव परिस्थिती स्थिर ठेवतात, ती आपल्या हेतूने स्थिर ठेवतात, आणि ती स्वतःस सर्वोत्तम होईल अशी करतात. यांतील आरंभीची मते खरी पण फारशी नवी नव्हेत, शेवटची नवी पण परीक्षेस न उतरणारी, असा त्यांचा निष्कर्ष होता. हेतूची भाषा लव्हलॉक यांनीही पुढे सोडून दिली.

परीक्षेत काय टिकले याचे एक उदाहरण आपल्या पायाखालीच आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मिसळून ते किंचित आम्ल होते व खडकास झिजविते. ती झीज नद्यांवाटे समुद्रात जाऊन तेथे तिचा चुनखडक बनतो, आणि हवेतील तो वायू दगडात बंदिस्त होतो. ज्वालामुखी तो पुन्हा बाहेर टाकतात. हवा तापली की पाऊस व झीज वाढते, वायू घटतो व पृथ्वी निवते. १९८१ साली वॉकर, हेज व कास्टिंग यांनी हे चक्र मांडले, त्यात जीवांची आवश्यकता धरलेली नव्हती. १९८९ साली श्वार्ट्झमन व व्होल्क यांनी असे दाखविले की वनस्पतींची मुळे व मातीतील जंतू ही झीज पुष्कळ वेगवान करतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनलेला सह्याद्रीचा काळा कातळ मोसमी पावसात याच रीतीने झिजत आला आहे. कोकणात व गोमंतकात घरे बांधण्यास जो तांबडा जांभा आपण वापरतो, तोही खडकांच्या अशाच दीर्घ झिजेतून निर्माण झाला.

काय टिकले नाही, हेही सांगितले पाहिजे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती गंधकयुक्त वायू सोडतात, त्यापासून ढग बनून पृथ्वी निवते व अशा रीतीने त्या वनस्पती हवामान सांभाळतात, असे मत १९८७ साली लव्हलॉक व अन्य तिघांनी मांडले होते. २०११ साली त्याची साद्यंत छाननी होऊन, असे नियमन पुराव्याने सिद्ध होत नाही असा निर्णय देण्यात आला. शिवाय जीवांनी पृथ्वी नेहमी सांभाळली असेही नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्म जीवांनीच सोडलेला प्राणवायू हवेत साचू लागला, तो त्या काळच्या पुष्कळ जीवांस विषच होता. सुमारे ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दोनदा हिम जवळजवळ विषुववृत्तापर्यंत आले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातील बहुसंख्य जाती नामशेष झाल्या. प्रत्येक वेळी पृथ्वी सावरली, परंतु जे गेले ते परतले नाहीत.

२००१ साली ॲमस्टरडॅम येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी, पृथ्वीचे भौतिक, रासायनिक, जैविक व मानवी घटक मिळून एकच स्वयंनियंत्रित संस्था होते, अशा आशयाचे घोषणापत्र काढले. २००६ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने लव्हलॉक यांस आपले वोलास्टन पदक अर्पण केले. त्याच वर्षी त्यांनी तापमानवाढीविषयी अतिभयंकर भाकितेही केली, आणि २०१२ साली त्यांतील काही अतिरंजित होती हे मोकळेपणाने मान्य केले. आपले चुकले असे वृद्धापकाळी सांगणे हे विद्वत्तेचे भूषणच होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वसुंधरा सजीव आहे काय? देह या अर्थाने ते सिद्ध झाले नाही. तिचे घटक एकमेकांस आवर घालतात एवढे मात्र सिद्ध झाले. यातून आपल्यासारख्या भाविकांनी घ्यावयाचा बोध प्रस्तुत लेखकास असा वाटतो. माता म्हटली की ती सर्व सोसील, सर्व निस्तरील, असे आपण गृहीत धरतो. कारखानदारीच्या उदयापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. २०२० नंतरच्या दशकात ते ४२० च्या वर गेले. खडकांच्या झिजेचे चक्र हा भार कधीतरी उतरवील यात संशय नाही, परंतु त्यास लक्षावधी वर्षे लागतील. पृथ्वीच्या दृष्टीने तो अवधी अल्प. मनुष्याच्या हजारो पिढ्या त्यात येऊन जातील. तेव्हा तिचे स्वयंनियमन हे आपल्या प्रमादांस दिलेले अभयपत्र नव्हे.

पहाटेच्या त्या प्रार्थनेत आपण पृथ्वीकडे रक्षण मागत नाही, पाऊल ठेवल्याबद्दल क्षमा मागतो. एवढ्या वादविवादानंतर शास्त्राने जे हाती दिले ते पाहता, आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविलेली ही वृत्ती उचितच होती असे म्हणावयास हरकत नाही. मात्र क्षमा मागणाऱ्याने पाऊल जपून टाकावयाचे असते, हा तिचा उत्तरार्ध आचरणात आणणे अद्याप आपल्याकडे बाकी आहे.