जे वाचले, त्यांनी खेळायचे कुठे? अ‍ॅबरव्हॅन १९६६ आणि मुलांच्या दुःखाचा इतिहास

१/
शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९६६. दक्षिण वेल्समधील अ‍ॅबरव्हॅन हे खाणकामगारांचे गाव. (इंग्रजी लिपीत ‘फ’ दिसला, तरी वेल्श उच्चार ‘व्ह’ असाच आहे.) पँटग्लास प्राथमिक शाळेत सत्राच्या मधल्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस होता. सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावर साठवलेला खाणीतील टाकाऊ मालाचा ढीग निसटला आणि चिखलाच्या लोंढ्यासारखा शाळेवर व शेजारच्या घरांवर कोसळला. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुले होती; बहुतेकांचे वय सात ते दहा वर्षांच्या दरम्यान.

या दुर्घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा थ्रेड मात्र त्या ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आलेल्या मुलांविषयी आहे.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. कोळसा काढताना निघणारा दगड-मातीचा निरुपयोगी माल खाणीजवळच्या डोंगरावर रचण्याची पद्धत होती. अ‍ॅबरव्हॅनच्या वर असे अनेक ढीग उभे होते. त्यांपैकी सातव्या क्रमांकाचा ढीग १९५८ पासून रचला जात होता आणि तो चक्क पाण्याच्या झऱ्यांवर उभा होता. शाळेच्या मागे हा ओला गाळ टाकणे धोक्याचे आहे, असे स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्येच लेखी कळवले होते. खाणी तेव्हा ‘नॅशनल कोल बोर्ड’ या सरकारी मंडळाच्या ताब्यात होत्या. ढीग वाढतच राहिला.

३/
त्या सकाळी शाळेत १०९ मुले आणि ५ शिक्षक मरण पावले. मुलांच्या जेवणाचे पैसे गोळा करणाऱ्या नान्सी विल्यम्स यांनी पाच मुलांना आपल्या देहाखाली झाकले. त्या गेल्या, पाचही मुले वाचली. खाणीत काम करणारे बाप आपल्याच मुलांना शोधण्यासाठी फावडी घेऊन धावत आले. सकाळी अकरानंतर एकही जीव जिवंत हाती लागला नाही.

चौकशी आयोगाचे काम ७६ दिवस चालले. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात दोष निःसंदिग्धपणे कोल बोर्डावर ठेवण्यात आला. तरीही कोणावर खटला भरला गेला नाही, कोणाची नोकरी गेली नाही.

४/
आता वाचलेल्या मुलांकडे वळू. दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच त्यांचे वर्ग पुन्हा सुरू झाले, तेही कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या खोल्यांमध्ये. जगभरातून खेळणी आणि पत्रे येऊ लागली. प्रौढांचा हेतू स्वच्छ होता: दिनक्रम पूर्ववत झाला की मुले सावरतील. मुलांची स्मृती अल्पजीवी असते, वयाबरोबर जखम बुजते, ही समजूत त्या काळी सर्वसामान्य होती. ती केवळ खेड्यातली समजूत नव्हती. अनेक डॉक्टर आणि अधिकारीही असेच मानत.

५/
पण खेळणी आली, तरी खेळायचे कुठे?

पुढे प्रौढ झालेल्या काही मुलांनी सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते. दुर्घटनेनंतर ती बराच काळ रस्त्यावर खेळायला गेली नाहीत. ज्या घरातले मूल गेले होते, त्या घरातल्या माणसांना दुसऱ्यांची मुले हसताना, धावताना पाहवत नसे. कुणी स्पष्ट मनाई केली असेल वा नसेल. मुलांना ते उमगले होते. आपण जिवंत आहोत, हीच जणू त्यांची चूक ठरली होती. आठ-नऊ वर्षांची मुले मोठ्यांचे दुःख सांभाळण्यासाठी घरात बसून राहिली.

६/
याचे एक कारण त्या गावात दुःखाची नकळत तयार झालेली उतरंड हे होते. सर्वांत वर ज्यांची मुले गेली ते आईबाप, आणि ते योग्यच होते. पण त्या हिशेबात वाचलेले मूल ‘नशीबवान’ ठरत होते. नशीबवानाने रडायचे कशाला? शेजारच्या बाकावरचा मित्र गेला, भाऊ गेला, बहीण गेली, स्वतः तासभर अंधारात अडकून पडलो, हे सांगायला त्याच्याजवळ जागाच उरली नाही. मुलाचे मौन पाहून मोठ्यांनी निष्कर्ष काढला: ते विसरले.

७/
कागदोपत्री व्यवहारही याच दिशेने चालला. कोल बोर्डाने प्रत्येक मृत मुलामागे ५०० पौंड भरपाई दिली. दुसरीकडे लोकांच्या देणग्यांतून साडेसतरा लाख पौंडांचा मदतनिधी जमला होता. त्यातून शोकग्रस्त कुटुंबांना रक्कम देण्याचा प्रश्न आला, तेव्हा धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनने सुचवले की, आईवडील आपल्या मुलाच्या खरोखर किती जवळ होते आणि त्यामुळे त्यांना मानसिक त्रास होण्याची शक्यता आहे का, हे प्रत्येक प्रकरणात तपासले जावे. निधीच्या विश्वस्तांनी अखेर प्रत्येक शोकग्रस्त कुटुंबाला ५,००० पौंड दिले. पण ज्या व्यवस्थेला आईच्या शोकाचाही पुरावा हवा होता, तिच्या नोंदवहीत शरीराने धडधाकट असलेल्या मुलाच्या भीतीला रकाना असणे अशक्यच होते.

८/
मग त्या काळी काहीच ज्ञात नव्हते का? तसे म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी ब्रिटनने सप्टेंबर १९३९ मध्ये सुमारे १५ लाख लोकांना शहरांबाहेर हलवले. त्यांत बहुसंख्य मुले होती. त्याच वर्षांत अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे युद्धकाळातील बालगृहे चालवली. त्यांचे निरीक्षण होते की, कित्येक लहान मुलांना बाँबपेक्षाही आईपासून झालेली ताटातूट अधिक हादरवून सोडते. आणि मूल जे बोलत नाही, ते त्याच्या खेळातून व्यक्त होते. हे ज्ञान १९४३ मध्ये छापूनही झाले होते. तज्ज्ञांच्या वर्तुळातून ते खाणीच्या गावापर्यंत पोहोचायला मात्र फार काळ लागला.

९/
तरीही अ‍ॅबरव्हॅनमध्ये कुणीच काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावातील डॉक्टर, पाद्री, समाजसेविका अशा अनेकांनी वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन काम केले. बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५६ मुलांची निरीक्षणे मानसोपचारतज्ज्ञ गेनर लेसी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. झोप न लागणे, सतत धास्तावलेले असणे, मित्र नसणे, शाळेत किंवा खेळायला जाण्यास नकार, अंथरुण ओले होणे, अशा तक्रारी त्यांत होत्या. स्वतःहून त्या सकाळविषयी बोलणारी मुले थोडी होती. पण पाऊस आणि वारा सुटला की त्यांची भीती उफाळून येई.

१०/
पावसाची ही भीती समजून घेण्यासारखी आहे, कारण येथे इतिहास आणि मानसशास्त्र एकमेकांना येऊन मिळतात. मुले घाबरत होती, आणि डोंगरावर उरलेले ढीग तसेच उभे होते! खिडकीतून ते रोज दिसत. ते सुरक्षित आहेत, असे सरकार सांगत होते. पण सुरक्षिततेचे असे आश्वासन गावाने यापूर्वीही ऐकले होते. ज्या भीतीला उपचारकक्षात ‘लक्षण’ म्हटले जात होते, ती डोंगराकडे पाहता पुरेशी तर्कशुद्ध होती.

११/
ढीग हटवावेत यासाठी गावकऱ्यांना लढावे लागले. त्यांनी कार्डिफ येथील वेल्श कार्यालयात खाणीचा गाळ आणून ओतला. त्यानंतर सरकार ढीग हटवण्यास राजी झाले. मात्र खर्चासाठी १९६८ मध्ये लोकांच्या देणग्यांच्या निधीतूनच १,५०,००० पौंड घेतले गेले. मृत मुलांच्या नावाने जमलेल्या पैशातून, त्यांना मारणाऱ्या ढिगाच्या भावंडांची विल्हेवाट लावण्यात आली. मुलांना धीर देणे म्हणजे केवळ त्यांची समजूत घालणे नव्हे, त्यांच्या भीतीचे कारण दूर करणेही आहे, हे गावाच्या ध्यानात आले होते. सरकारला ते पटायला वेळ लागला.

१२/
मोठ्यांनी आपल्या दुःखासाठी स्वतः वाटा शोधल्या. गावातील पुरुषांनी एकत्र येऊन गायनवृंद उभारला. तोच यनिसोवेन पुरुष गायनवृंद. तरुण स्त्रियांनी आपले मंडळ काढले. पुढील पाच वर्षांत गावातील जन्मदर वाढला, असे विल्यम्स आणि पार्क्स या संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवले. आणि विशेष म्हणजे ही वाढ मुख्यतः ज्यांनी मूल गमावले नव्हते अशा जोडप्यांमुळे होती. जणू संपूर्ण गावच रिकाम्या जागा भरू पाहत होता. पण वाचलेल्या मुलांचे असे कोणतेही मंडळ नव्हते. त्यांचे मंडळ म्हणजे त्यांचा वर्ग होता, आणि त्या वर्गातले बरेच जण आता नव्हते.

१३/
मुलांकडे पाहण्याची दृष्टी बदलायला आणखी एक घटना कारणीभूत ठरली. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात चाउचिला येथे शाळेच्या बसमधील २६ मुलांचे आणि चालकाचे अपहरण झाले. त्यांना एका खाणीत जमिनीखाली पुरलेल्या वाहनात डांबण्यात आले. ती सर्व स्वतःच बाहेर पडली. एकालाही गंभीर शारीरिक इजा नव्हती, म्हणून मुले ठीक आहेत असे समजले गेले. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी त्यांच्याशी अनेक वर्षे संवाद साधला. एकही मूल अस्पर्श राहिले नव्हते. काही मुले त्या प्रसंगाचा खेळ पुन्हा पुन्हा खेळत, पण त्या खेळात आनंद नसे.

१४/
१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानसूचीत आघातोत्तर तणाव विकाराचा, म्हणजे ‘पीटीएसडी’चा, समावेश केला. अ‍ॅबरव्हॅनच्या मुलांना जे होत होते त्याला नाव मिळाले, तेव्हा ती मुले विशी ओलांडत होती.

२००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुर्घटनेनंतर ३३ वर्षांनी ४१ वाचलेल्या व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या गेल्या होत्या. त्यांतील ४६ टक्के जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झाला होता. २९ टक्के जणांत तो मुलाखतीच्या वेळीही कायम होता.

१५/
हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. ‘मुले विसरतात’ हा समज त्यांनी खोटा ठरवला. त्याच वेळी, मुलाखत दिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हा विकार कधीच झाला नाही. आणि नैराश्य, चिंताविकार वा व्यसन यांचे प्रमाण त्यांच्यात तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळले नाही. म्हणजे आघात हा अटळ शाप नाही. कोणाच्या वाट्याला काय येईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच प्रत्येक मुलाकडे दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.

१६/
आज आपत्तीनंतर मुलांसोबत काम करताना काही तत्त्वे सर्वमान्य झाली आहेत. काय घडले ते मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, पण खरे सांगावे. बोलण्याची सक्ती करू नये. बोलायचे असेल तेव्हा ऐकणारे कुणी असावे. चित्रे, खेळ, शाळा, मित्र हे लवकर परत मिळावेत. ‘तुझी चूक नव्हती’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण मुले गप्प राहून स्वतःलाच दोषी धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ मधील मार्गदर्शिकेत मदत करणाऱ्यासाठी तीन साधी पावले दिली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या.

या दृष्टीने पाहता अ‍ॅबरव्हॅनच्या मोठ्यांचे सगळेच चुकले नव्हते. शाळा लवकर सुरू करणे योग्यच होते. त्या शाळेत रिकाम्या बाकांविषयी बोलता येणे, एवढे राहून गेले.

१७/
ढीग हटवण्यासाठी घेतलेले १,५०,००० पौंड ब्रिटिश सरकारने १९९७ मध्ये परत केले. व्याज मात्र दिले नाही. पुढे २००७ मध्ये वेल्श सरकारने स्मृतिन्यासाला १५ लाख पौंड दिले. जेथे शाळा होती, तेथे आज स्मृतिउद्यान आहे. वाचलेल्यांपैकी अनेकांनी आपली हकिकत प्रथमच मोकळेपणाने सांगितली ती २०१६ मध्ये, पन्नासाव्या स्मृतिदिनाच्या सुमारास. तेव्हा त्यांचे वय साठीला टेकले होते आणि कित्येकांना नातवंडे झाली होती.

१८/
इतिहासलेखन बहुधा मृतांची मोजदाद करते, दोषींचा शोध घेते आणि अहवालापाशी थांबते. तेही आवश्यकच आहे. पण कोणत्याही आपत्तीचा एक इतिहास तिच्यातून वाचलेल्या मुलांच्या मनात चालू राहतो आणि तो कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाही. अ‍ॅबरव्हॅनच्या कागदपत्रांत ढिगाची उंची मिळते, झऱ्यांचे नकाशे मिळतात, निधीचा पैन् पै हिशेब मिळतो. अंगणात खेळायला न गेलेल्या मुलांची नोंद मात्र कागदांत क्वचितच झाली. ती नोंद पुढे त्यांनी स्वतःच केली.