बार्सिलोनाच का? मीटरची आणि एका लपवलेल्या फरकाची गोष्ट

संशोधन प्रस्तावात ‘अभ्यासक्षेत्राची निवड’ असा एक परिच्छेद असतो. आपल्यापैकी बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहितात. मीही तसाच लिहिला होता. या परिच्छेदाचं महत्त्व मला कळलं ते मीटरचा इतिहास वाचताना.

१७९१ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने ठरवलं की लांबीचं नवं एकक पृथ्वीवरूनच काढायचं. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. आता ध्रुवापर्यंत जाऊन मोजणं शक्य नव्हतं. म्हणून रेखावृत्ताचा एक तुकडा मोजायचा आणि त्यावरून पूर्ण अंतर काढायचं असं ठरलं. तुकडा कसा हवा? पुरेसा लांब, ४५ अक्षांशाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आणि दोन्ही टोकांना समुद्रसपाटी असलेला. पॅरिसच्या रेखावृत्तावर उत्तरेला डंकर्क मिळालं. दक्षिणेला फ्रान्सचा किनारा फार लवकर संपत होता, म्हणून सीमा ओलांडून स्पेनमधलं बार्सिलोना निवडलं. निवडीमागची कारणं अशी अगदी नेमकी होती. प्रस्तावात ती अशीच लिहायला हवीत.

उत्तरेचा भाग देलाँब्र याच्याकडे आला आणि दक्षिणेचा पियेर मेशँ याच्याकडे. मेशँ १७९२च्या जूनमध्ये पॅरिसहून निघाला. त्या हिवाळ्यात बार्सिलोनाच्या मुंजुइक टेकडीवरच्या किल्ल्यातून त्याने ताऱ्यांचे वेध घेतले आणि तिथला अक्षांश काढला. काम छान झालं होतं.

पण १७९३च्या जानेवारीत पॅरिसमध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि मार्चमध्ये फ्रान्स आणि स्पेन यांचं युद्ध सुरू झालं. त्याच सुमारास पाणी उपसण्याचं एक यंत्र पाहायला गेलेल्या मेशँला भीषण अपघात झाला. बरगड्या मोडल्या, तो काही दिवस बेशुद्ध होता. बरा झाला, तर देश सोडायची परवानगी मिळेना. मुंजुइक लष्करी किल्ला, त्यामुळे शत्रूदेशाच्या माणसाला तिथेही बंदी. काही महिन्यांचं काम होतं, मुक्काम मात्र लांबत गेला.

रिकामं बसण्यापेक्षा त्याने शहरातल्या ‘फोंताना दे ओरो’ या आपल्या खानावळीतून पुन्हा वेध घेतले. खानावळ आणि किल्ला यांच्यातलं अंतर त्रिकोणमापनाने माहीत होतं, म्हणजे दोन्ही अक्षांश एकमेकांशी जुळायला हवे होते. ते जुळले नाहीत. सुमारे ३ विकलांचा फरक आला. एक विकला म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, म्हणजे फरक जवळजवळ १०० मीटरचा!

मेशँने हे कुणालाच सांगितलं नाही. १७९९ साली प्लॅटिनमचा प्रमाण मीटर तयार झाला, तेव्हाही समितीपुढे मुंजुइकचेच आकडे होते. खानावळीचे वेध त्याने दडवून ठेवले. पुढे मोजणी बॅलिअरिक बेटांपर्यंत वाढवायला तो हट्टाने पुन्हा स्पेनला गेला. दक्षिण टोक बेटांवर सरकलं असतं, तर बार्सिलोनाच्या अक्षांशावर काही अवलंबून राहिलं नसतं. पण सप्टेंबर १८०४मध्ये कास्तेयोन या किनाऱ्याजवळच्या गावी तापाने त्याचा मृत्यू झाला. त्याचे कागद देलाँब्रच्या हाती आले, तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. देलाँब्रने खानावळीचे वेधही प्रसिद्ध केले.

आता आपल्या कामाचा भाग. मेशँ आकाशाकडे पाहण्यात तरबेज होता. त्याचं बोर्दा वर्तुळ नावाचं उपकरण एकच कोन पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढण्यासाठीच बनवलेलं होतं. मग चुकलं कुठे? पुन्हा पुन्हा मोजल्याने यादृच्छिक त्रुटी कमी होते. उपकरणातच दोष असेल तर प्रत्येक वाचन एकाच दिशेला सरकतं आणि हजार वाचनांची सरासरीही तितकीच सरकलेली राहते. दोन्ही त्रुटींमधला हा फरक त्या काळी स्पष्ट नव्हता. मेशँला वाटलं, चूक आपलीच.

१८२८ साली निकोले या खगोलशास्त्रज्ञाने तेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडले. डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे तारे त्याने वेगवेगळे केले. उपकरण किंचित कललेलं असेल, तर या दोन गटांतली त्रुटी विरुद्ध दिशांना जाते. दोन्ही गटांची सरासरी घेतल्यावर मोठा फरक जवळपास नाहीसा झाला! मेशँने दडवलेले आकडे चांगलेच होते.

आणि मीटर? तो मूळ व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. त्याचं मुख्य कारण पृथ्वीच्या आकाराबद्दलचं तेव्हाचं गृहीतक. मेशँला आयुष्यभर जाळणाऱ्या फरकाचा त्यात फारसा हात नव्हता.

बार्सिलोनात आज ‘मेरिदियाना’ नावाचा मोठा रस्ता आहे, या रेखावृत्तावरूनच नाव पडलेला. फील्डवर्कला निघणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: जागा का निवडली ते पहिल्याच पानावर नीट लिहा. तिथे अडकलात तर मिळालेल्या वेळात दुसऱ्या जागेवरून मोजून पाहा. आणि दोन आकडे जुळले नाहीत, तर दोन्ही वहीत ठेवा आणि त्याच आठवड्यात गाइडला दाखवा. मेशँकडे नसलेलं उत्तर चोवीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला सापडलं, कारण आकडे शिल्लक होते.