सुन्न हात

आपल्याकडे उस्तादांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. त्यांची तालीम, त्यांचा रियाज, दरबारातील मानमरातब, मैफिलीतील नोकझोक या सर्व गोष्टी त्यांत येतात. चाळीस दिवसांचा ‘चिल्ला’ धरून, बोटांतून रक्त येईपर्यंत वाजविणाऱ्यांचे किस्से तर आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच बोटांचे साठीनंतर काय झाले, हे बहुतेक चरित्रकार सांगत नाहीत. रक्ताचे कौतुक होते, मुंग्यांचे होत नाही. वाजविणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात, हात बधिर होतो, पहाटे उठल्यावर चहाचा कप धरता येत नाही, हा विषय जणू संगीताच्या इतिहासाबाहेरचा. तो इतिहासातलाच आहे, असे मला वाटते.

भातकुली तालुका हा पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला भाग. कपाशी आणि तुरीचा मुलूख. येथे दरबारी उस्ताद झाले नाहीत. पण संदलपुढे ताशा वाजविणारे, उरुसात कव्वालीच्या मागे ढोलक, हार्मोनियम आणि बेंजो धरणारे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारे आमच्याच समाजातले लोक वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दिवसा मजुरी किंवा पंक्चरचे दुकान, रात्री वाजविणे. शास्त्रीय संगीतावर लिहिणाऱ्यांनी यांना ‘कलावंत’ म्हटले नाही आणि समाजातल्या शिकलेल्यांनी ‘बाजेवाले’ म्हणून दूर ठेवले. त्यांचा हात सुन्न झाला की ते एवढेच म्हणतात, “हाथ सो गया.” आणि दुसऱ्या हाताने झटकून पुन्हा सुरू करतात.

उर्दूत आपण ‘सुन्न’ म्हणतो. हकीमांच्या जुन्या किताबांत याला ‘खदर’ हा अरबी शब्द आहे. इब्न सीना (मृत्यू 1037) याच्या ‘अल्‌-कानून’मध्ये मज्जांच्या विकारांत फालिज म्हणजे पक्षाघात, राशा म्हणजे कंप आणि खदर म्हणजे बधिरता अशी वेगवेगळी प्रकरणे आहेत. कंप आणि बधिरता हे दोन निराळे रोग आहेत, हे हजार वर्षांपूर्वी स्पष्ट होते. आजही आपल्या वस्तीत दोन्हींना ‘कमजोरी’ म्हणतात आणि एकच टॉनिक आणतात. इब्न सीनाने आपल्या ‘अश्‌-शिफा’ या ग्रंथात संगीतावरही स्वतंत्र भाग लिहिला आहे. एकाच माणसाने दोन्ही विषय हाताळले, पण वाजविणाऱ्याचा हात हा धंद्याचा रोग म्हणून लिहिला जायला पुढे बराच काळ जावा लागला.

ते काम इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने केले. कारागिरांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ 1700 साली मोदेना येथे निघाला आणि 1713 साली त्याची वाढीव आवृत्ती आली. लेखनिकांच्या रोगांबद्दल लिहिताना त्याने ओळखीच्या एका नोटरीची हकिगत दिली आहे. आयुष्यभर लिहून या माणसाचा उजवा हात थकत थकत निकामी झाला. मग तो डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच काळात डावाही गेला. ही हकिगत मला आपल्या कातिबांची आठवण करून देते. संगणकावर उर्दू जुळवणी सुरू होईपर्यंत आपले प्रत्येक वर्तमानपत्र, प्रत्येक पाठ्यपुस्तक कोणाच्या तरी हाताने लिहिलेले असे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. माझ्या लहानपणीच्या पुस्तकांतला प्रत्येक ‘नून’ कोणाच्या तरी मनगटातून आला होता. त्या मनगटांचाही इतिहास कोणी लिहिलेला नाही, पण तो वेगळा लेख होईल.

रोगाचे कारण सापडायला आणखी दीडशे वर्षे लागली. 1854 साली इंग्लंडमधील जेम्स पॅजेट याने मनगटाजवळ मज्जातंतू दाबला गेल्याने हात कसा बिघडतो ते लिहिले. 1880 साली अमेरिकेत जेम्स पटनम याने असे बरेच रुग्ण एकत्र नोंदविले. रात्री झोपेत हात बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. आमचे ढोलकवाले रात्री उठून हात झटकतात तो प्रकार नेमका हाच. मनगटाच्या तळाशी हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. दोऱ्यांची आवरणे सुजली की जागा कमी पडते आणि दाब त्या मज्जातंतूवर येतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग त्याच्या ताब्यात. करंगळी नाही. करंगळीचा मज्जातंतू कोपराच्या मागून येतो, म्हणून फक्त करंगळी आणि अनामिका बधिर असतील तर दोष बहुधा कोपराकडे शोधावा लागतो. दोन्ही हातांत आणि मानेत एकदम त्रास असेल तर मानेचे मणके तपासावे लागतात. कोणते बोट सुन्न होते, एवढे नीट सांगितले तरी डॉक्टरचे अर्धे काम होते.

आता वाजविण्याकडे पाहू. कव्वालीचा हार्मोनियमवाला मांडी घालून बसतो, पेटी खाली, त्यामुळे उजवे मनगट तासन्‌तास मागे वाकलेले. डावा हात भाता ओढत असतो. क्लॅरिनेटचा सारा भार उजव्या अंगठ्यावर. ताशाच्या काड्यांचा कंप थेट मनगटात जातो. त्यातच वयाबरोबर आलेली साखर, थायरॉइड, बी-बाराची कमतरता. हे सगळे एकत्र आले की रोग ‘म्हातारपणाचा’ ठरतो आणि विषय संपतो.

पण वऱ्हाडात सुन्न हात लपविण्याचे आणखी एक कारण होते. ते म्हणजे महारोगाची भीती. कुष्ठरोगातही आधी बधिरताच येते. कोपराजवळचा मज्जातंतू सुजतो, करंगळी आणि अनामिका आत वळतात. वाजविणाऱ्याची बोटे वाकडी होत चालली असे कोणी बोलले की त्याचे लग्नाचे काम बंद, आणि घरच्या मुलींची लग्नेही बंद. नॉर्वेच्या हान्सेनने 1873 सालीच या रोगाचा जंतू दाखविला होता, तरी 1898 चा कुष्ठरोग्यांचा कायदा त्यांना कोंडण्याचाच होता. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढून तपोवन उभे केले. आपल्या भागातील ही फार मोठी घटना आहे आणि तिच्याबद्दल आपल्या लेखनात जवळजवळ काही नाही. 1982 पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला आणि हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. आता प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी आणि औषध मोफत आहे. कायदे मात्र सावकाश बदलले. 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात कुष्ठरोग हे तलाक मागण्याचे एक कारण होते, ते 2019 च्या दुरुस्तीने इतर धर्मीयांच्या कायद्यांबरोबरच काढले गेले. आपल्या किती घरांत ही बातमी पोहोचली?

याच विदर्भात वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. त्यात कुष्ठमुक्त, अंध आणि अपंग कलावंत एकत्र येऊन रंगमंचावर कार्यक्रम करतात. बधिर हात म्हणजे वाजविणाऱ्याचा शेवट, या समजुतीला एवढे जवळचे उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. ज्या रोगामुळे माणसाला गावकुसाबाहेर काढत, त्यातून उठलेली माणसे तिकीट लावून कार्यक्रम करतात.

युरोपात ही गोष्ट मोठ्या नावांमुळे उघड झाली. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइन या पियानोवादकासाठी रावेलने फक्त डाव्या हाताची रचना केली आणि ती 1932 साली व्हिएन्नात वाजली. अमेरिकेतील लिऑन फ्लायशर (1928-2020) याच्या उजव्या हाताची दोन बोटे 1964 च्या सुमारास आत वळू लागली. बोटांत दुखणे नव्हते, मेंदूचा आदेशच बिघडला होता. तो डाव्या हाताच्या रचना वाजवीत राहिला, शिकवू लागला, वाद्यवृंद चालवू लागला. तीस वर्षांनी उपचार सापडला आणि 2004 साली त्याची दोन्ही हातांनी वाजविलेली ध्वनिमुद्रिका निघाली. अशा वादकांनी जाहीर बोलल्यामुळेच 1980 नंतर कलावंतांच्या रोगांचे वेगळे वैद्यक उभे राहिले. आपल्याकडे न बोलण्यातच इभ्रत समजतात.

तरीही आपल्या संगीतात एक गोष्ट अशी आहे, जी पियानोवाल्यांकडे नव्हती. ती म्हणजे तोंडी विद्या. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचेच पाहा. 1892 साली मुरादाबादला जन्म, मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे तालीम. बोटे थिरकतात म्हणून ‘थिरकवा’ हे नाव पडले. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत त्यांनी साथ केली, त्यामुळे महाराष्ट्राने त्यांना आपले मानले. पुढे रामपूर दरबार, मग लखनौचे भातखंडे महाविद्यालय. 1970 साली पद्मभूषण. 1976 साली, ऐंशी ओलांडून, ते गेले, आणि म्हातारपणीही ते वाजवीत होते. पण मुद्दा त्यांच्या बोटांपुरता नाही. तबल्याचा प्रत्येक आघात हा एक बोल आहे. कायदा, गत, रेला आधी जिभेवर येतो आणि मग हातावर. हात थांबला तरी उस्ताद पढंत करून शिकवू शकतो. मुनीर खाँचे भाचे उस्ताद अमीर हुसेन खाँ 1969 साली मुंबईत वारले. त्यांचे शिष्य अरविंद मुळगावकर यांनी ‘तबला’ हे मराठी पुस्तक लिहिले आणि बंदिशींचे ते धन कागदावर आणले. उस्तादाची जीभ, हिंदू शिष्याची लेखणी आणि मराठी भाषा. या मासिकाच्या वाचकाला यावर जास्त सांगायला नको.

मुंबईतच अन्नपूर्णादेवी होत्या. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची मुलगी, जन्मनाव रोशनआरा. वाद्य सूरबहार. पण त्यांच्याकडे शिकलेले हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर हे दोघे बासरीवाले. त्या गाऊन शिकवीत. 2018 साली वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी गेल्या तोपर्यंत त्यांची विद्या हातावर अवलंबून नव्हती. आणि बडे गुलाम अली खाँ? 1957 साली मोरारजी देसाईंच्या मदतीने त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले व ते मुंबईत राहिले. शेवटच्या वर्षांत पक्षाघाताने शरीर अर्धे लुळे पडले, तरी मुलगा मुनव्वर अली यांच्या आधाराने ते मैफिलीत गात. 25 एप्रिल 1968 रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. एका बाजूला एकदम बधिरता, तोंड वाकडे, बोलणे अडखळणे ही मनगटाची नव्हे, पक्षाघाताची खूण असते आणि तेव्हा झटकत बसायचे नसते, लगेच दवाखाना गाठायचा असतो.

तबलावाल्याकडे बोल आहेत, गायकीत शिकलेल्याकडे गळा आहे. ढोलकवाल्याकडे, ताशावाल्याकडे काय आहे? त्याने ठेके ऐकून उचलले, नावे ठेवली नाहीत, पढंत केली नाही. त्याचा हात गेला की ठेकाही जातो. म्हणून आमच्या तालुक्यातील म्हाताऱ्या वादकांना माझा आग्रह असतो की नातवाला समोर बसवून ठेका तोंडाने म्हणून दाखवा, मोबाइलवर टिपून घ्या. रात्री मनगट सरळ राहील अशी पट्टी बांधून झोपा. पेटी फळीवर ठेवा म्हणजे मनगट कमी वाकेल. दोन कव्वालींमध्ये हात मोकळा सोडा. त्याने भागले नाही तर मनगटाचा तो पट्टा मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे आणि बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. फार वर्षे थांबले तर अंगठ्याखालचा स्नायू वाळतो, मग शस्त्रक्रियेनेही पूर्ण ताकद येत नाही.

पोटाचे काय, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांच्या मानधनाची योजना 1954-55 पासून आहे. 2024 पासून तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि मानधन महिना पाच हजार रुपये. पण अर्जाबरोबर कलावंत असल्याचा पुरावा लागतो. भजनी मंडळ, तमाशा, कीर्तन यांच्याकडे निदान पत्रिका असतात, कात्रणे असतात. चाळीस वर्षे संदलपुढे ताशा वाजविणाऱ्याकडे कागद नसतो. उरुसाच्या जाहिरातीवर कव्वालाचे नाव मोठे असते, ढोलकवाल्याचे नसतेच. दर्गा कमिट्यांनी उरुसाच्या हिशेबाच्या वहीत वाजविणाऱ्याचे पूर्ण नाव, वाद्य आणि दिलेली रक्कम लिहिली व त्याची सही घेतली, तर वीस वर्षांनी तोच कागद अर्जाला लावता येईल. काही जुन्या वह्यांत ‘बाजेवाले 4’ एवढेच लिहिलेले मी पाहिले आहे.