दोन पट, एक डाव

सात रस्त्यावरच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे व्हिडिओ गेम आणि दिव्यांग खेळाडू. पण सुरुवात आम्ही मोबाइलपासून नाही, बुद्धिबळाच्या पटापासून करणार आहोत. आज गेम बनवणाऱ्यांपुढे जो प्रश्न उभा आहे, तो या पटानं फार आधी सोडवला आहे.

अंध खेळाडूंचा पट कसा असतो बघा. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा थोडी उंच. प्रत्येक घरात छिद्र, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी. त्यामुळं बोटं फिरवली तरी डाव विस्कटत नाही. काळ्या मोहऱ्यांना वेगळी खूण. सोलापूरकरांना याचं नवल वाटू नये. जकार्डच्या पुठ्ठ्यावरच्या छिद्रांनीच आपल्या चादरीवर नक्षी उमटवली. छिद्रात माहिती साठवता येते, हे या गावाला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण खरी गोष्ट नियमांत आहे. बुद्धिबळात मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो. अंध खेळाडूची तर बोटं हेच डोळे! मग नियम रद्द केला का? नाही. मोहरा छिद्रातून वर काढला, तरच तो 'हात लावलेला' धरायचा, असं ठरलं. समोरचा डोळस असेल तर दोघांपैकी कुणीही दोन पट मागू शकतो. प्रत्येक चाल मोठ्यानं सांगायची. 'बी' आणि 'डी' ऐकण्यात घोळ होऊ नये म्हणून उभ्या रांगांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावं. यात कुणाला एक प्यादंसुद्धा जास्त दिलेलं नाही. सवलत वेगळी आणि सोय वेगळी, ती इथं कळते.

अंधांचं पहिलं बुद्धिबळ ऑलिंपियाड 1961 साली जर्मनीतल्या मेशेडे इथं झालं. आपल्याकडं हे काम उभं करणाऱ्यांत मुंबईचे चारुदत्त जाधव यांचं नाव आघाडीवर. किशोरवयात दृष्टी गेली, पुढं ते बुद्धिबळपटू झाले, संगणकतज्ज्ञ झाले. अंध खेळाडूंसाठी त्यांनी 'टॉक सिक्स्टीफोर' हे बोलणारं बुद्धिबळ सॉफ्टवेअर तयार केलं. भारतातल्या अंध बुद्धिबळपटूंवर 2012 मध्ये 'अल्गोरिदम्स' नावाचा माहितीपट आला. त्यातला एक मुलगा, बडोद्याचा दर्पण इनानी, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला.

आता 'टॉक सिक्स्टीफोर'चं महत्त्व कशात? संगणक आला आणि खेळातला स्पर्शच गेला. पडदा म्हणजे गुळगुळीत काच. सगळी माहिती यंत्राच्या पोटात असते, पण ती फक्त चित्रातून बाहेर येते. ती आवाजातूनही बाहेर काढायची, एवढंच तर करायचं होतं. मोठ्या कंपन्यांना ते उशिरा सुचलं. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टनं हाताची हालचाल मर्यादित असणाऱ्यांसाठी दोन मोठ्या बटणांचा, बाहेरून हवी ती बटणं जोडता येणारा कंट्रोलर आणला. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये साठाहून अधिक सोयी होत्या. पूर्ण अंध खेळाडूंनीही तो गेम शेवटपर्यंत खेळला.

पण हे झाले महागडे गेम. आपल्या पोरांच्या हातातला साधा मोबाइल गेम घ्या. त्याच्या बटणांना नावंच दिलेली नसतात. फोनचा आवाज नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहतो. नाव द्यायला खर्च किती? दोन शब्द लिहिण्याइतका. तेवढ्यासाठी एक मूल वर्गमित्रांच्या खेळाबाहेर बसतं. खेळाबाहेर बसलेलं मूल हळूहळू गप्पांच्याही बाहेर जातं, आणि हे नुकसान कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडासहभागाचं स्वतंत्र कलम आहे. कायदा आहे, तंत्र आहे, पटाचा दाखलाही आहे. इथं बसलेल्यांत संगणक शिकणारी मुलं-मुली असतील, त्यांना आमचं एवढंच सांगणं: गेम तयार झाल्यावर नव्हे, पहिला आराखडा काढतानाच विचारा, डोळे मिटून हा डाव मला कळतो का?

एवढं बोलून आम्ही थांबतो.